रेझिन पिणारी भिंत

गाडीच्या भिंतीत तीन भोकं बारीक, स्क्रूची. चौथं अंगठा जाईल एवढं. कामाचा अंदाज मी गाडीभोवती फेरी मारता मारताच सांगितला होता : अडीच हजार, दोन दिवस. गाडीवाले काका म्हणाले, "दोन म्हणजे दोनच ना?" मी हसलो. गेली सतरा वर्षं फायबरची कामं करतोय. बसचे शो (म्हणजे पुढचे-मागचे दर्शनी भाग), ॲम्ब्युलन्सची छतं, दूध-आइस्क्रीमच्या थंड गाड्यांच्या भिंती. अंगठ्याएवढ्या भोकाला मी काय घाबरणार?

गाडी म्हणजे ट्रॅव्हलरच्या चासीवर बांधलेली कॅरॅव्हॅन. आत दोन बाक, ओटा, मोरीएवढं बाथरूम. 2021 साली राज्याचं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आलं आणि त्यानंतर पुण्यात नवले पुलाच्या बाजूला असलेल्या आमच्या शेडमध्येही अशी एखादी गाडी यायला लागली. ही काका-काकूंची स्वतःची होती, निवृत्तीनंतर हौसेने घेतलेली. ताम्हिणीतून कोकणात उतरताना समोरून एसटी आली, काकांनी गाडी कडेला घेतली आणि झाडाची मोडकी फांदी सरळ भिंतीत घुसली. बाकीची तीन भोकं जुन्या छपरीच्या ब्रॅकेटची. ब्रॅकेट काढलं, स्क्रूची भोकं तशीच राहिली. चारही ठिकाणी कुणीतरी सिलिकॉन थापलं होतं आणि मोठ्यावर सूर्याचा भलामोठा स्टिकर.

फायबरवर सिलिकॉन हा माझा जुना राग आहे. पाणी थांबतं दोन-चार महिने, मग कड सुटते आणि त्या फटीतून पाणी आत शिरतं, पण बाहेर मात्र पडत नाही. वर त्याचा तेलकट अंश पृष्ठभागावर राहतो आणि त्यावर रंग मारला की रंग बाजूला सरकून गोल गोल खड्डे पडतात. घासायच्या आधी ते पूर्ण खरवडून, पुसून काढावं लागतं. आधी घासलं तर पेपर ते सगळीकडे पसरवतो. त्यातच सकाळ गेली.

मग भिंत वाजवून बघितली. माठ घेताना बोटाने वाजवतो तशीच, फक्त रुपयाच्या नाण्याने. चांगल्या भागावर आवाज टणक येतो, सुटलेल्या भागावर भद्द. मोठ्या भोकाभोवती साधारण ताटलीएवढ्या जागेत आवाज भद्द येत होता. याचा अर्थ बाहेरचा पापुद्रा आतल्या फोमपासून सुटलेला. या भिंती सँडविचसारख्या असतात : बाहेर दोन मिलिमीटर फायबर, मध्ये तीस-पस्तीस मिलिमीटर फोम, आत प्लाय. तिन्ही एकमेकांना चिकटलेले असतात तोवर भिंत ताठ. जोड सुटला की नुसता पापड. आतल्या प्लायला ओलाव्याचं मीटर टोचलं तर खालच्या बाजूला काटा वर जात होता. दोन दिवस बल्ब लावून वाळवू, असं म्हणालो आणि तिथेच काकांचे दोन दिवस संपले.

वाळल्यावर मी बॅटरीचा झोत मारून भोकात पाहिलं. फोम पिवळट दिसला. म्हणजे पफ, असं मी ठरवूनच टाकलं. थंड गाड्यांच्या भिंतीत पफच असतो, पॉलियुरेथेन, आणि त्याचा रंग असाच सायीसारखा. तिथे पापुद्रा सुटला की आमची पद्धत ठरलेली : वरच्या बाजूला हवा निघायला एक बारीक भोक पाडायचं, खालून सिरिंजने पॉलिएस्टर रेझिन, म्हणजे आवळून कडक होणारा चिकट द्रव, भरायचं, बाहेरून फळी लावून दाबायचं. शेकडो वेळा केलंय.

रेझिनमध्ये कोबाल्ट, म्हणजे ते लवकर आवळावं म्हणून घालायचं द्रव्य, आधीच ढवळून ठेवलेलं होतं, मग हार्डनर घातलं. (ही दोन बाटल्यांतली द्रव्यं एकमेकांत थेट कधीच ओतायची नाहीत. आधी एक रेझिनमध्ये नीट ढवळायचं, मगच दुसरं. दोन्ही थेट मिसळली तर भडका उडतो. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक नव्या पोराला पहिल्या दिवशी हेच सांगतो.) पन्नास मिलीची सिरिंज भरली आणि दाबली. गेलं आत. दुसरी भरली. गेली. वरच्या भोकातून थेंबही आला नाही.

"दादा, भिंत पितीये," हाताखालचा पोरगा म्हणाला.

"पिऊ दे. पोकळी मोठी असेल."

तिसरी. चौथी अर्धी. तेव्हा मी तळहात भिंतीवर ठेवला आणि भिंत गरम लागली. रेझिन आवळताना तापतंच, पण पातळ थर कोमट होतो, हा चहाच्या किटलीसारखा चटका होता. म्हणजे आत थर नव्हता, गोळा साठत होता. मी फळी बाजूला केली, बोटाने दाबलं आणि फायबर कपाळावरच्या आठीसारखं आत गेलं. मघाशी ताटलीएवढी असलेली पोकळी आता परातीएवढी झाली होती. भोकातून वास येत होता रेझिनमधल्या स्टायरिनचा, आणि त्याखाली आणखी एक, जो मी तीस वर्षांत घेतला नव्हता, पण लगेच ओळखला.

मंडळाचा मांडव. मी सहावी-सातवीत असेन. गणपतीच्या आदल्या रात्री थर्माकोलचं मखर रंगवायला मोठ्या पोरांनी सोनेरी स्प्रे आणला होता आणि कमानीवर मारल्याबरोबर कमान चर्र आवाज करत आत बसायला लागली. कळस तर अर्धा विरघळला. तेव्हापासून मखराला फक्त पाण्याचा रंग. 2018 च्या बंदीनंतर ती मखरंच गेली, पण माझ्या वयाच्या कुठल्याही पुणेकराला विचारा, थर्माकोलला थिनरचा रंग चालत नाही हे तो झोपेतही सांगेल. मला माहीत होतं. सहावीपासून माहीत होतं.

आत पफ नव्हता, थर्माकोल होता. पाणी मुरून मुरून पिवळा पडलेला थर्माकोल. पॉलिएस्टर रेझिन पातळ राहतं ते त्यातल्या स्टायरिनमुळे, आणि थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरिनच, त्याच घराण्यातला. स्टायरिन त्याला साखरेसारखं विरघळवतं. त्यात थर्माकोलमध्ये 98 टक्के हवाच, त्यामुळे मुठीएवढा तुकडा विरघळला की चिमूटभर चिकटा उरतो. भिंत रेझिन पीत नव्हती. मी जेवढं ओतत होतो तेवढी ती आतून खाल्ली जात होती.

खात्री करायची ती मी आता केली. भोकाच्या कडेने उचकटून हरभऱ्याएवढा तुकडा काढला, डबीच्या झाकणात ठेवला, वर चार थेंब थिनर. तुकडा आक्रसला, फेसाळला आणि गेला. झाकणात पांढरट डाग. पफ असता तर तसाच्या तसा बसून राहिला असता. अर्ध्या मिनिटाचं काम होतं हे, आणि करायचं सिरिंज हातात घेण्याआधी.

उस्ताद, आमचे पेंटर, शेजारच्या बसला लांबी (पुट्टी) ओढत होते. ते आले, भिंत दाबून पाहिली आणि सहज म्हणाले, "गोळा कडक होऊ दे. वरून काचेच्या मॅटचे दोन थर, लांबी, प्रायमर. काय दिसतंय?" काहीच दिसलं नसतं. पहिल्या पावसात नाही, कदाचित दुसऱ्याही नाही. मी दहा मिनिटं खुर्चीत बसून होतो. हे लिहितोय म्हणून सांगतो, त्या दहा मिनिटांत मी लांबीचा डबा किती शिल्लक आहे तेही बघून आलो होतो. मग काकांना फोन लावला.

दुपारी दोघंही आली. मी काय झालं ते सांगितलं. काकांनी मला शिव्या घातल्या नाहीत, त्याहून वाईट म्हणजे वही काढली. कधी आणली, कधी देणार होतात, आता कधी देणार. काकू भिंतीपाशी गेल्या, वास घेतला आणि म्हणाल्या, "पॉलिएस्टर रेझिन वापरलंत का? त्यात स्टायरिन असतं ना?"

"हो काकू."

"मग विरघळणारच की हो."

त्या एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवत होत्या. मी झाकणातला डाग दाखवला. त्यांनी आणखी एक तुकडा मागून घेतला आणि स्वतः थेंब टाकून बघितला. काका वही मिटून बघायला आले. मला त्या दिवशी तेवढंच जरा बरं वाटलं.

पुढचं काम इपॉक्सीने, म्हणजे दुसऱ्या जातीच्या रेझिनने. त्यात स्टायरिन नसतं, थर्माकोलला ते काही करत नाही. मल्टिटूलने बाहेरच्या फायबरला नऊ बाय अकरा इंचाची खिडकी कापली आणि कापलेला तुकडा जपून ठेवला. आतला गोळा निघाला तो तळहाताएवढा, काचेसारखा कडक, मध्ये दुधाळ. पोऱ्याने तो अजून ठेवलाय, पेपरवेट म्हणून. कडा सरळ कापून त्यात बरोबर बसेल असा घट्ट थर्माकोल घातला, इपॉक्सीने चिकटवला. इथे ॲसिटोनने पुसायची सवयही आवरावी लागते, त्यानेही थर्माकोल विरघळतो. मग जुना तुकडा परत जागेवर, आणि सांध्याच्या दोन्ही बाजूंना इंच-इंच उतार घासला. जाडीच्या बारापट उतार धरतात, दोन मिलिमीटरला तेवढा पुरतो. नुसतं भोक बुजवणं आणि भिंत परत एक करणं यातला फरक या उतारातच आहे. भोकात भरलेलं बूच चासीच्या हादऱ्याने आज ना उद्या निसटतं. उतारावर बसवलेल्या काचकापडाच्या पट्ट्या, आधी रुंद, मग अरुंद की आधी अरुंद, यावर उस्तादांचं आणि माझं जुनं भांडण आहे. या वेळी त्यांचं ऐकलं.

श्रावण चालू होता, हवा ओली. अशा हवेत इपॉक्सीवर दुसऱ्या दिवशी मेणचट थर येतो. बोट फिरवलं की साबणासारखं लागतं. तो थिनरने पुसून जात नाही, साध्या पाण्याने आणि घासणीने धुवावा लागतो. न धुता वर पुट्टी ओढली की पुट्टी आवळत नाही, च्युइंगगमसारखी राहते. तीन लहान भोकांना हे सगळं लागलं नाही. कड जराशी खोलगट केली, इपॉक्सीत पावडर घोटून लगदा केला, भरला, घासला, झालं. तीन मिळून पाऊण तास. ज्यांची कुणी दखलही घेत नाही ती तीन आधी भरली असती तर प्लायला ओल लागलीच नसती, कारण मीटरचा काटा सगळ्यात वर गेला होता तो त्यांच्या खाली.

राहिला रंग. पांढरा रंग सोपा वाटतो, पण तीन वर्षं उन्हात उभी राहिलेली गाडी पांढरी नसते. उस्तादांनी पिवळा आणि काळा थेंब-थेंब घालून चार तुकडे रंगवले, गाडीला टेकवून सावलीत बघितले, उन्हात बघितले. तिसरा सावलीत जुळायचा, चौथा उन्हात. काकूंनी उन्हातला निवडला. "सावलीत कोण बघतंय," म्हणाल्या.

शेवटी नळीने वीस मिनिटं पाणी मारलं, आत बाकाखाली पोरगा बॅटरी घेऊन बसला होता. कोरडं. दोन दिवसांचे नऊ झाले होते. माझा खर्च साडेसहा हजारांवर गेला होता, तो मी बोललो नाही. काकांनी अडीच हजार मोजून दिले, वर पोराला शंभर. आणि पावती मागितली.

मी लिहिलं : बाहेरील भिंत, चार भोकं दुरुस्ती. काकूंनी चष्मा लावून वाचलं.

"आत थर्माकोल आहे आणि इपॉक्सी वापरलंय असं लिहा. तारीखही घाला. ही पावती मी गाडीतच चिकटवणार आहे, कपाटाच्या आतून. पुढचा मेकॅनिक बघेल."

मी लिहिलं. मोकळी जागा उरली होती म्हणून काका म्हणाले, "आणि थिनर लावू नये, असं पण."