माळ्यावरचे उंदीर आणि पलीकडच्या वाटणीची किल्ली

सांगलीच्या गावभागातील जुन्या वाड्यांच्या जेव्हा वाटण्या झाल्या, तेव्हा भिंती उभ्या राहिल्या त्या बहुधा तक्तपोशीपर्यंतच, म्हणजे खोलीच्या लाकडी फळ्यांच्या छतापर्यंतच. तक्तपोशीच्या वर आणि मंगलोरी कौलांच्या खाली, आढ्यापासून वळचणीपर्यंत जी पोकळी असते, ती तशीच अखंड राहिली. आमचे घर अशाच एका वाड्याचा एक हिस्सा आहे. खाली तीन स्वतंत्र दारे आणि तीन वीजमीटर असले, तरी वरती माळा एकच आहे. माळ्यावर उंदीर झाले की लोक पहिल्यांदा विषाची वडी कोणती आणावी हे विचारतात. माझे सांगणे असे आहे की त्याआधी आपला माळा नेमका कुठे संपतो हे शिडी लावून आणि विजेरी घेऊन पाहावे. आमचा बराचसा पावसाळा आणि सगळे सणवार ज्या अडचणीत गेले, ती याच एका गोष्टीतून निघाली होती.

उंदीर आहेत याविषयी शंका नव्हती. रात्री दहानंतर सासूबाईंच्या खोलीवर धावपळ सुरू होई आणि पहाटेपर्यंत चाले. तक्तपोशीच्या फळ्यांवर पिवळट डाग उमटले होते आणि तुळईच्या कडेने काळा मेणचट पट्टा तयार झाला होता. उंदीर रोज त्याच वाटेने अंग घासत जातात, त्यामुळे असा पट्टा दिसला की ती त्यांची कायमची वाट समजावी. मी माळ्यावर ठिकठिकाणी रांगोळीचा पातळ थर पसरून ठेवला, आणि सकाळी त्यावर पावलांबरोबर शेपटीची लांब रेघही दिसली. लेंड्या साधारण अर्ध्या इंचाच्या आणि दोन्ही टोकांना निमुळत्या होत्या. हा काळा घरउंदीर, ज्याची शेपूट त्याच्या अंगापेक्षा लांब असते आणि जो तारेवरून, पाइपावरून, फांदीवरून सहज चढतो. घूस जमिनीत बीळ करते, तिचा माळ्याशी फारसा संबंध येत नाही. चिचुंद्री तर किडे खाणारा वेगळाच प्राणी आहे, तिला उगाच मारू नये. ही ओळख पटवणे महत्त्वाचे आहे, कारण घुशीसाठी अंगणात केलेला कोणताही उपाय माळ्यावरच्या उंदरापर्यंत पोहोचत नाही.

रांगोळीनेच दुसरी गोष्ट दाखवली. बहुतेक पावले पश्चिमेकडून, म्हणजे पलीकडच्या वाटणीच्या बाजूने येत होती आणि तिकडेच परत जात होती. ती वाटणी माझ्या चुलत दिरांची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेले (तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे), तेव्हा गावभागातल्या सगळ्यांनी जे हाताला लागेल ते माळ्यावर चढवले. भावोजींनीही गाद्या, गोधड्या, धान्याची पोती, शेंगांची पोती, जुनी वर्तमानपत्रे असे सगळे वर टाकले. पूर ओसरल्यावर ते कुटुंब पुण्याला मुलाकडे गेले ते तिथेच राहिले, आणि सामान माळ्यावर राहिले. उंदराला घरटे करायला कापूस आणि कागद लागतो, खायला धान्य लागते, आणि माणसाची वर्दळ नसलेली जागा लागते. तिन्ही गोष्टी तिथे होत्या.

मी चाप लावून आमच्या बाजूचे उंदीर पकडत होते आणि ते पकडलेही जात होते, पण काही दिवस शांततेत गेले की पुन्हा तीच धावपळ सुरू होई. हे स्वाभाविक होते. घरउंदराची मादी साधारण तीन आठवड्यांत विते, एका वेळी सहा-आठ पिल्ले होतात आणि ती पिल्ले तीनेक महिन्यांत स्वतः विण्याच्या वयाला येतात. पलीकडे विणीची जागा अबाधित असेपर्यंत अलीकडे कितीही चाप लावले तरी रिकामी झालेली जागा भरून निघणारच. तेव्हा उपाय स्पष्ट होता: दोन वाटण्यांच्या मधली भिंत आढ्यापर्यंत न्यायची आणि पलीकडचे सामान खाली काढायचे. गवंडी एका दिवसात काम करायला तयार होता. पण पलीकडच्या घराला कुलूप होते, आणि किल्ली पुण्यात होती.

आषाढात मी भावोजींना पहिला फोन केला. ते म्हणाले, "वहिनी, गणपतीत येतोच आहे, तेव्हा बघू." गणपतीत ते आले नाहीत. दसऱ्याला येतो म्हणाले, तेव्हाही आले नाहीत. किल्ली कुरिअरने पाठवा, आम्ही तुमच्या सामानाला तुमच्यासमोर व्हिडिओ कॉलवर हात लावू, असे मी सुचवले. त्यावर विचार करून सांगतो, असे उत्तर आले. दरम्यान उंदीर निर्मूलन करणाऱ्या एका कंपनीचा माणूस पाहणी करून गेला होता. त्याने सरळ सांगितले की सामाईक माळ्यावर काम करायचे तर अर्जावर सर्व हिस्सेदारांच्या सह्या हव्यात. त्यात त्याची चूक नव्हती, पण अर्जावरचा तो एक रकाना आमच्या घरात कितीतरी दिवस रिकामा पडून राहिला.

शेवटी खरी अडचण फोनवरच्या एका वाक्यात कळली. भावोजी म्हणाले, "वहिनी, उंदरांचं ठीक आहे, पण माळ्यावर भिंत घातली की उद्या ती हद्द होते." वाड्याच्या मिळकत पत्रिकेवर अजून सगळ्यांची नावे एकत्र आहेत, वाटणी झाली ती वडिलधाऱ्यांच्या तोंडी शब्दावर, आणि माळा कोणाचा कुठपर्यंत हे कोणीच कधी बोलले नव्हते. मी पक्की भिंत घातली तर ती रेषा मी ठरवली असे होईल, ही त्यांची भीती होती. मला त्या क्षणी फार राग आला. सासूबाईंचे वय ऐंशीच्या पुढे आहे, त्यांच्या डोक्यावरच्या फळीतून उंदराचे मूत्र झिरपते आहे, मूत्रातून लेप्टोस्पायरोसिससारखा आजार पसरतो हे शेंबड्या पोरालाही आपल्या पूरग्रस्त गावात माहीत आहे, आणि इथे हद्दीचा विचार चालला आहे. आज मागे वळून पाहतानाही तो राग पूर्ण गेलेला नाही. हे सगळे त्यांनी आषाढातच सांगितले असते तर तोडगा आषाढातच निघाला असता. सणांची नावे सांगत मला ताटकळत ठेवल्याने मधल्या काळात उंदरांची निदान एक पिढी वाढली आणि स्वयंपाकघराच्या वायरिंगची रबरी आवरणे कुरतडली गेली. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, म्हणून त्याला सतत काहीतरी कुरतडावेच लागते. माळ्यावर त्याच्या तोंडाला पहिली लागते ती वायर. एके संध्याकाळी मिक्सर लावताच विजेची गळती ओळखणारा स्विच पडला आणि पुन्हा वर जाईना. इलेक्ट्रिशियनने उघडी पडलेली तांब्याची तार काढून दाखवली. लाकडी तक्तपोशीवर ठिणगी पडली असती तर वाड्याच्या तिन्ही वाटण्या एकत्रच जळाल्या असत्या, हे मी त्या तारेचा फोटो पाठवून भावोजींना कळवले.

त्यानंतर गोष्टी हलल्या. ओळखीच्या वकिलांनी सुचवलेला मार्ग सामाईक छपराखाली राहणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा असा आहे. विटांची भिंत घालायचीच नाही. तिच्याऐवजी लोखंडी चौकटीत जाळी बसवायची आणि ती चौकट बोल्टने आवळायची, म्हणजे कधीही काढता येईल. पाचशे रुपयांच्या मुद्रांकपत्रावर साधे संमतीपत्र करायचे. त्यात लिहायचे की ही जाळी केवळ उंदरांच्या प्रतिबंधासाठी, तात्पुरत्या स्वरूपाची आहे. तिच्या जागेवरून कोणत्याही हिस्सेदाराचा हक्क अथवा हद्द ठरणार नाही, आणि कोणत्याही हिस्सेदाराने लेखी मागणी केल्यास ती काढली जाईल. सोबत माळ्याचे फोटो जोडायचे. हा मजकूर वाचल्यावर भावोजींनी एका दिवसात सही करून कागद आणि किल्ली दोन्ही पाठवले. दिवाळी होऊन गेली होती. मला हायसे वाटले हे खरे, आणि आपण भांडण न करता हे निभावले याचा अभिमानही वाटला.

पुढचे काम भराभर झाले. जाळी घेताना भोके पाव इंचापेक्षा मोठी नसतील हे पाहावे, कारण मोठा उंदीर अर्ध्या इंचाच्या फटीतून शिरतो आणि लहान चिटुकल्या उंदराला पाव इंचही पुरते. कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी त्यामुळे निरुपयोगी, आणि डासांची प्लॅस्टिकची जाळी तर तो एका रात्रीत फाडतो. गॅल्वनाइज्ड, वेल्ड केलेली जाळीच घ्यावी. वासे आणि भिंत यांच्या मधल्या वाकड्यातिकड्या फटी सुताराने पत्र्याने बंद केल्या. लहान भोकांत तारेची घासणी कोंबून वरून सिमेंट भरले. दुकानात मिळणारा फुगणारा फोम उंदीर सहज कुरतडतो, तो एकट्याने भरू नये.

पलीकडचे सामान काढताना आम्ही कोरडा झाडू अजिबात वापरला नाही, आणि हे मी प्रत्येकाला बजावून सांगते. लेंड्या आणि वाळलेले मूत्र झाडले की त्याची धूळ नाकातोंडात जाते. आधी कौले थोडी सरकवून अर्धा तास वारा खेळू द्यावा, मग एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असे मिश्रण फवारून पाच मिनिटे थांबावे आणि ओल्या फडक्याने उचलावे. हातात रबरी मोजे आणि तोंडाला मास्क हवाच. पायाला जखम असलेल्याने वर चढू नये. या काळात घरात कोणाला ताप आला तर डॉक्टरांना घरात उंदीर झाल्याचे आपणहून सांगावे, ते विचारतीलच असे नाही.

विषाला मी सुरुवातीपासून नकार दिला होता आणि त्या निर्णयाबद्दल मला समाधान आहे. बाजारात मिळणाऱ्या ब्रोमॅडिओलोनच्या वड्या रक्त गोठू देत नाहीत. उंदीर खाल्ल्यावर लगेच मरत नाही, चार ते सात दिवसांनी मरतो, आणि तोवर तक्तपोशीच्या अशा कोपऱ्यात जाऊन बसतो की फळ्या उचकटल्याशिवाय तो हाती लागत नाही. मग दुर्गंधी, माश्या आणि अळ्या. शिवाय असा उंदीर खाणारे मांजर किंवा घुबडही विषबाधेने मरू शकते. झिंक फॉस्फाइडची काळी पूड त्याहून धोक्याची आहे, कारण पोटात गेल्यावर तिच्यातून विषारी वायू निघतो आणि तिला उतारा नाही. ती माणसे झोपतात त्या छपराखाली ठेवूच नये. चिकट पुठ्ठ्यावर अडकलेला उंदीर तासन्‌तास तडफडतो. तेही मला पाहवले नसते.

राहिला चाप. घरउंदीर नव्या वस्तूपासून बरेच दिवस लांब राहतो. म्हणून चाप न लावता, म्हणजे खटका न ओढता, त्यावर भाजलेले शेंगदाणे किंवा सुक्या खोबऱ्याचा तुकडा ठेवून तो तसाच वाटेवर पडू द्यावा. आमिष रोज फस्त होऊ लागले की मग एका रात्रीत सगळे चाप एकदम ओढावेत. एकेक करून लावले तर बाकीचे उंदीर सावध होतात. आमिष सुईदोऱ्याने बांधावे, नाहीतर ते खटका न पडता पळवले जाते. चाप तुळईच्या कडेला आडवा, आमिषाचे टोक भिंतीकडे करून ठेवावा. मेलेला उंदीर मोजे घालून दोन पिशव्यांत बांधावा किंवा खोल पुरावा.

बाहेरच्या वाटा मात्र सर्वांत शेवटी बंद कराव्यात. आत उंदीर असताना वळचण बंद केली तर ते आतच अडकून मरतात. आम्ही रांगोळी पुन्हा पसरली, कित्येक सकाळी ती जशीच्या तशी राहिली, तेव्हा कुठे सुताराला वळचणीची जाळी ठोकायला सांगितले. बोळातल्या शेवग्याच्या फांद्या छपरापासून चार फुटांहून दूर छाटल्या, कारण इतके अंतर हा उंदीर उडी मारून पार करू शकतो. केबलची तार कौलांवर टेकली होती, ती खांबावरून उंच ओढून घेतली.

शेजारच्यांनी आवाजाने उंदीर पळवणारे यंत्र घ्यायचा आग्रह धरला होता. त्याचा ध्वनी फळी आणि भिंत यांपलीकडे जात नाही आणि उंदरांना त्याची सवयही होते, त्यामुळे अडगळीच्या माळ्यासाठी त्यावर पैसे घालवू नयेत, असे माझे मत आहे.

जूनमध्ये पहिल्या पावसाच्या आधी मी वर जाऊन जाळीचे बोल्ट तपासले. संमतीपत्राची प्रत तिन्ही वाटण्यांत ठेवली आहे, आणि भावोजींच्या घराची एक किल्ली आता त्यांच्या संमतीने आमच्याकडे असते. एक सांगायचे राहिले: संडासाचा हवेचा पाइप छपरावर उघडा सोडलेला असेल तर त्याच्या तोंडालाही तीच पाव इंची जाळी तारेने बांधावी, कारण कौलांवर चढण्यासाठी पाइपही उंदराला तितकाच सोयीचा असतो.