तुम्ही विचारलंत म्हणून: सशाला जोडीदार आणावा का?

“आमचा ससा एकटाच आहे, सोबतीला दुसरा आणू का?” चिंगी आणि भुऱ्या हे आमचे ससे एकमेकांना चिकटून लोळताना दिसले की घरी आलेलं कुणी ना कुणी हे विचारतंच. माझं उत्तर ठाम ‘हो’ आहे. पाळीव ससे ज्या युरोपीय रानसशांपासून आले, ते बिळं खणून समूहाने राहणारे. (आपल्या माळावरचा ससा वेगळा, तो बहुधा एकटा राहतो आणि त्याला पाळायला कायद्याने बंदी आहे.) आपण कितीही लाड केले तरी डोळ्यांभोवती, कानांमागे चाटून द्यायला ससाच लागतो.

पण नवा ससा आणून थेट जुन्याच्या पिंजऱ्यात सोडू नका, हे मी हात जोडून सांगते. ससा आपल्या जागेवर हक्क सांगतो, आणि त्याची मारामारी कातडी फाटेपर्यंत जाते.

आधी दोघांची नसबंदी. नर-मादीची जोडी सहसा सगळ्यात छान जमते, पण मादी महिन्याभरात विते आणि व्यायल्याबरोबर पुन्हा गाभण राहू शकते. शस्त्रक्रियेनंतरही चार ते सहा आठवडे नरापासून पिल्लं होऊ शकतात, तेवढे दिवस त्यांना वेगळंच ठेवा. “दोन्ही माद्याच आहेत” या दुकानातल्या खात्रीवर विसंबू नका, लहान पिल्लांत ते ओळखणं अवघड असतं. जोडीदार आणायचा नसला तरी मादीची नसबंदी कराच, कारण न केलेल्या माद्यांना वय वाढलं की गर्भाशयाचा कर्करोग फार होतो. डॉक्टर मात्र सशांचा अनुभव असलेलेच हवेत. सशाला उलटी होत नाही आणि त्याचं पोट रिकामं राहणं धोक्याचं असतं, म्हणून ऑपरेशनआधी त्याला रात्रभर उपाशी ठेवायला कुणी सांगितलं, तर दुसरे डॉक्टर शोधा.

मग पिंजरे शेजारी ठेवा, पण जाळीतून नाक चावता येणार नाही एवढं अंतर राखून. याचं गवत त्याला, त्याचं याला, अशी वासाची ओळख होऊ द्या. दोघं निवांत जेवू लागले की भेट घडवायची ती दोघांनाही परक्या जागेत. फ्लॅटमध्ये बाथरूम उत्तम, पाय घसरू नयेत म्हणून खाली सतरंजी. सुरुवातीला थोडाच वेळ, आणि तुम्ही जाड टॉवेल घेऊन तिथेच बसायचं.

पाठलाग होईल, केस उपटले जातील, एक दुसऱ्यावर चढेल, मादीसुद्धा चढते. थोरपण ठरवण्याची ती रीत आहे, घाबरून लगेच वेगळं करू नका. मात्र तोंडाच्या बाजूने चढला तर ताबडतोब हलवा, खालचा नाजूक जागी चावतो. शेपट्या वर करून दोघं एकमेकांभोवती गरगर फिरू लागले तर त्या दिवसापुरतं थांबा. डोकं खाली घालून एक बसला आणि दुसऱ्याने ते चाटलं, की गाडी रुळावर आली.

घाबरवलं की जवळ येतात म्हणून दोघांना एका खोक्यात घालून गाडीतून फिरवणारे आहेत. मला ते मुळीच पटत नाही. भीतीने बिलगलेला ससा जोडीदार झालेला नसतो. आणि हे काम मे महिन्यात काढू नका. उन्हाळा एकट्या सशालाही सोसत नाही.

जोडी जमल्यावर एकाला दवाखान्यात न्यायचं झालं तरी दोघांना न्या. एकटा गेलेला परका वास घेऊन येतो, घरातला त्याला ओळखत नाही आणि सगळी ओळख पुन्हा पहिल्यापासून करून द्यावी लागते.