रायझेन ९ ७९००एक्सवर ३६० मिलिमीटरचा एआयओ: बसवणी आणि पहिली निरीक्षणे

या टप्प्यात माझ्या संगणकातल्या एएमडीच्या रायझेन ९ ७९००एक्स प्रोसेसरवरचा दुहेरी मनोऱ्याचा जुना एअर कूलर उतरवून त्याच्या जागी आर्क्टिकचा लिक्विड फ्रीझर ३, ३६० मिलिमीटर, हा एआयओ, म्हणजे पंप, नळ्या आणि रेडिएटर असलेला, कारखान्यातच पाणी भरून बंद केलेला कूलर, बसवला आहे. मशीन सुरू आहे, पंप आणि पंख्यांचे फेरे बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) नीट दिसत आहेत आणि पहिली चाचणीही झाली आहे. पंख्यांचा कर्व्ह (कोणत्या तापमानाला किती वेग, हे ठरवणारा आलेख) आणि व्होल्टेजचे बारीक काम मात्र बाकी आहे.

हा बदल करण्यामागची अपेक्षा आधीच स्पष्ट केलेली बरी. पाण्यामुळे उष्णता नाहीशी होत नाही. ती प्रोसेसरवरून उचलून रेडिएटरपर्यंत नेली जाते आणि शेवटी त्याच खोलीत सोडली जाते. ७९००एक्सचा टीडीपी (कंपनीने जाहीर केलेला उष्णतेचा आकडा) १७० वॅट असला तरी मूळ सेटिंगवर त्याला सॉकेटमधून २३० वॅटपर्यंत वीज घेण्याची मुभा असते आणि कूलर कोणताही असो, ही वीज अखेर खोलीच तापवते. शिवाय रेडिएटर खोलीतल्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. त्यामुळे नागपूरच्या मे महिन्यात, खोलीचेच तापमान दहा अंशांनी चढलेले असताना, हिवाळ्यात घेतलेले आकडे जवळपास तेवढ्याच अंशांनी वर सरकणार, हे गृहीत धरूनच तुलना करावी लागते. याच नियमाची दुसरी बाजू आपल्याकडच्या लोकांना दिलासा देणारी आहे: डेझर्ट कूलरमुळे खोलीत कितीही दमटपणा आला तरी, लूपचा, म्हणजे पाणी फिरणाऱ्या बंद मार्गाचा, कोणताही भाग हवेपेक्षा थंड नसल्यामुळे, त्यावर दव धरण्याची भीती नसते.

खरेदीपूर्वी सर्वाधिक वेळ मोजमापात गेला आणि तो तसा जायलाच हवा होता. या मॉडेलचा रेडिएटर ३८ मिलिमीटर जाड आहे. बाजारातले बहुतेक रेडिएटर २७ मिलिमीटरच्या आसपास असतात. त्यावर २५ मिलिमीटरचे पंखे धरले की एकूण जाडी ६३ मिलिमीटर होते. कॅबिनेटच्या माहितीपत्रकात वरच्या बाजूला ३६० मिलिमीटरचा रेडिएटर बसतो असे छापलेले असले, तरी त्यातून ही जाडी बसेल की नाही ते कळत नाही. छतापासून मदरबोर्डच्या वरच्या कडेपर्यंतचे अंतर, व्हीआरएमच्या (प्रोसेसरला योग्य व्होल्टेज पुरवणाऱ्या मदरबोर्डवरील भागाच्या) हीटसिंकची उंची आणि रॅमच्या कांड्यांची उंची, ही तीनही मापे पट्टी लावून घ्यावीत. प्रोसेसरला वीज देणाऱ्या आठ पिनांच्या केबल रेडिएटर चढवण्याआधीच जोडून ठेवाव्यात. नंतर तिथे बोट जात नाही.

रेडिएटर छताला लावण्यामागे आणखी एक कारण आहे. कारखान्यात भरलेल्या बंद लूपमध्येही थोडी हवा असतेच आणि नळ्यांच्या रबरातून वर्षानुवर्षे किंचित पाणी उडत गेल्यामुळे ती वाढत जाते. ही हवा सर्वांत उंच जागी साठते. ती जागा पंपाची असेल तर गुळगुळ आवाज येतो आणि पंपाचे आयुष्य घटते. म्हणून रेडिएटरचा निदान वरचा भाग तरी पंपाच्या वर असलाच पाहिजे.

जुना कूलर काढण्यापूर्वी मशीनवर काही मिनिटे लोड देऊन प्रोसेसर कोमट करून घेतला, म्हणजे कूलर आणि प्रोसेसर यांच्यामधली उष्णतावाहक पेस्ट सैल होते. एएम५ या सॉकेटमध्ये, म्हणजे मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो त्या जागेत, प्रोसेसर चौकटीखाली धरलेला असल्याने तो कूलरसोबत उपटून येत नाही. आधीच्या पिढीचे एएम४ सॉकेट वापरलेल्यांना यातील सुख वेगळे सांगायला नको. मागची बॅकप्लेटही सॉकेटलाच जखडलेली असल्यामुळे प्लास्टिकच्या पट्ट्यांचे चार स्क्रू काढल्यावर ती गळून पडत नाही. त्याच चार जागी नव्या कूलरच्या पट्ट्या बसतात. या पट्ट्या कोल्ड प्लेटला (प्रोसेसरवर टेकणाऱ्या कूलरच्या तळाला) सॉकेटच्या मध्यापासून किंचित बाजूला सरकवतात, कारण रायझेनमध्ये उष्णता निर्माण करणारे कोअर मध्यभागी नसून एका कडेला आहेत.

पेस्टसाठी सोबत आलेली एमएक्स-६ वापरली. एएम५ प्रोसेसरच्या झाकणाला कडेने खाचा असतात आणि दाब पडताच थोडी पेस्ट त्यांत उतरते. ती विद्युतवाहक नसल्यामुळे त्याची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. पंपाचे दोन्ही स्क्रू आळीपाळीने, थोडे थोडे, थांबेपर्यंत आवळले. व्हीआरएमवर वारा घालणारा छोटा पंखा असलेले झाकण त्यानंतर वर बसते.

वायरिंगसाठी एकच जोडणी असलेली केबल न वापरता सोबतची तीन फाट्यांची केबल घेतली. पंप, व्हीआरएमचा पंखा आणि रेडिएटरचे पंखे मदरबोर्डवरच्या स्वतंत्र हेडरवर (जोडणीच्या पिनांवर) असले की पंप एका स्थिर वेगावर ठेवता येतो. रायझेनचे तापमान क्षणात पंधरा-वीस अंश उसळते, पाणी मात्र सावकाश तापते. पंखे प्रोसेसरच्या तापमानामागे धावू लागले तर प्रत्येक ब्राउझर उघडताना घरघर सुरू होते, म्हणून बायोसमध्ये पंख्यांच्या प्रतिसादाला काही सेकंदांचा विलंब दिला आहे.

खोलीत ३१ अंश असताना सिनेबेंच आर२३ या प्रोसेसरवर पूर्ण ताण देणाऱ्या चाचणीची दहा मिनिटांची फेरी चालवली. जुन्या कूलरवर प्रोसेसर ९५ अंशांना टेकून सर्व कोअरवर साधारण ४.९ गिगाहर्ट्‌झवर थांबत असे. आता तो ९० अंशांच्या आसपास राहून ५.१ गिगाहर्ट्‌झ टिकवतो. ९५ अंश ही एएमडीने या मालिकेसाठी ठरवलेलीच मर्यादा असल्यामुळे निव्वळ तापमान पाहून कूलरला गुण देणे चुकीचे आहे. वेगातील वाढ चार टक्के, म्हणजे पैशांच्या मानाने तोकडीच. खरा लाभ आवाजात आहे: १०५ वॅट टीडीपीच्या इको मोडमध्ये (कमी विजेच्या सेटिंगमध्ये), जिथे सॉकेटमधून घेण्याच्या विजेची मर्यादा २३० ऐवजी १४२ वॅटवर येते, पंखे इतके मंद फिरतात की ग्राफिक्स कार्डचाच आवाज वरचढ ठरतो. रोजच्या वापरासाठी मी हाच मोड कायम ठेवणार आहे.

पुढच्या टप्प्यात कर्व्ह ऑप्टिमायझर (कोअरचे व्होल्टेज कमी-जास्त करणारी सेटिंग) कोअरनिहाय उणे करत न्यायचा आहे आणि वरच्या पंख्यांची दिशा उलटून, बाहेरची हवा रेडिएटरमधून आत घेतल्यास ग्राफिक्स कार्डच्या तापमानावर काय परिणाम होतो, हेही तपासायचे आहे.