ऑरोराचे इलेक्ट्रॉन मोजायचे तर

ऑरोराचा, म्हणजे ध्रुवांजवळच्या आकाशात दिसणाऱ्या प्रकाशाचा, हिरवा पट्टा जमिनीपासून साधारण 100 ते 150 किलोमीटरवर पेटतो. तो पेटवणारे इलेक्ट्रॉन नेमके किती ऊर्जेचे, हे तिथे जाऊनच मोजावं लागतं. 1958 मध्ये कॅनडातल्या फोर्ट चर्चिलहून सोडलेल्या रॉकेटांमधून भौतिकशास्त्रज्ञ कार्ल मॅकिलवेन यांनी ते मोजलं. एका तेजस्वी ऑरोरात बहुतेक इलेक्ट्रॉन 6 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या (हे ऊर्जेचं एकक) आसपास निघाले. एकाच ऊर्जेभोवतीची ही गर्दी म्हणजे वर विद्युतक्षेत्र त्यांना ढकलतंय याची खूण.

आता यासाठी बहुतेक ठिकाणी 'टॉप-हॅट' विश्लेषक असतो. एकात एक बसवलेले दोन अर्धगोल, मध्ये बारीक फट. आतल्या गोलाला धन व्होल्टेज दिलं की ठरावीक ऊर्जेचेच इलेक्ट्रॉन वळून पार होतात. जास्त ऊर्जेचे बाहेरच्या भिंतीवर आदळतात, कमी ऊर्जेचे आतल्या. त्रिज्या 40 मिमी, फट 3 मिमी असेल तर त्रिज्येला फटीच्या दुपटीने भागा: साधारण 6.7. म्हणजे आतल्या गोलावरच्या दर व्होल्टमागे 6.7 इलेक्ट्रॉनव्होल्ट, आणि 20 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टसाठी 3000 व्होल्ट लागतात. गोल जरा तिरके बसले तरी दिशेगणिक माप बदलतं, म्हणून निर्वात पेटीत इलेक्ट्रॉन गनसमोर यंत्र फिरवून प्रत्येक कोन तपासायचा. हे काम कंटाळवाणं आहे, पण पुढचा सगळा हिशोब त्यावरच उभा आहे.

पार झालेला इलेक्ट्रॉन मायक्रोचॅनल प्लेटवर, म्हणजे असंख्य बारीक छिद्रांच्या चकतीवर, पडतो आणि त्याचे लाखो होतात. ही प्लेट दमट हवेत खराब होते, म्हणून उड्डाणापर्यंत कोरड्या नायट्रोजनमध्ये ठेवतात. हाय व्होल्टेज लवकर चालू केलं तर घात होतो: वर जाताना हवेचा दाब अशा टप्प्यातून जातो की ठिणगी सहज पडते. रॉकेट वर पोचलं तरी यंत्राच्या डब्यात अडकलेली हवा रेंगाळते. डब्याला पुरेशी भोकं हवीत.

मला सर्वात अवघड वाटतो तो वेळेचा हिशोब. व्होल्टेज बदलत एकेक ऊर्जा मोजायची: ऊर्जेच्या 64 पायऱ्या, प्रत्येकी 1 मिलिसेकंद. तेवढ्यात सेकंदाला 1 किमी जाणारं रॉकेट 64 मीटर सरकतं, 7.5 किमीने जाणारा उपग्रह 480 मीटर. ऑरोराची पातळ पट्टी जेमतेम 100 मीटरची असू शकते. मग उपग्रहाच्या एका आलेखात पट्टीच्या आतले आणि बाहेरचे इलेक्ट्रॉन एकत्र येतात, आणि दिसणारं शिखर खोटं असू शकतं.

तेजस्वी पट्टीत मोजणी कमीही पडते. एका नोंदीनंतर यंत्र 200 नॅनोसेकंद आंधळं होत असेल, तर सेकंदाला 10 लाख नोंदी दिसतात तेव्हा खरे 12.5 लाख असतात. ही दुरुस्ती आधी, बाकीची गणितं नंतर.