मोरी उपसली

मठाच्या जमाखर्चाच्या वह्या लावून द्यायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा दुरुस्तीचा आराखडा जवळजवळ पक्का झाला होता. फ्रान्सिस्कन फ्रायरांचा, म्हणजे संत फ्रान्सिस यांच्या ख्रिस्ती संघातल्या व्रतस्थ बंधूंचा, जुना मठ. मधे उघडा चौक, चारी बाजूंना ओवऱ्या, एका अंगाला चर्च आणि समोर भोजनगृह. भोजनगृहाची चौकाकडची भिंत जोत्यापासून कमरेपर्यंत ओली असायची. लोणा असा फुटलेला की नुसता हात फिरवला तरी गिलावा पिठासारखा गळायचा. जमिनीतली ओल वर चढतेय, असं निदान झालं होतं. भिंतीला ओळीनं भोकं पाडून ओलरोधक रसायन भरायचं ठरत होतं. माझा त्याच्याशी संबंध नव्हता. मी कागदांची माणूस. माझ्या वाट्याला सॅक्रिस्टीच्या, म्हणजे चर्चच्या पूजासाहित्याच्या दालनाच्या, वरची खोली आणि तिथली बावीस खोकी आली होती.

फ्रान्सिस्कनांच्या हिशेबाच्या वह्यांवर माझा फार जीव आहे, आणि त्याला कारण आहे. 1223 च्या त्यांच्या नियमात फ्रान्सिस यांनी बंधूंना बजावलं होतं की नाणी किंवा पैसा स्वतः घ्यायचा नाही आणि दुसऱ्या कोणाच्या हातूनही घ्यायचा नाही. मग भिंती उभ्या राहणार कशा? 1230 मध्ये पोप नववे ग्रेगरी यांनी वाट काढली: दात्यानं दिलेला पैसा बंधूंच्या गरजेसाठी दुसऱ्या माणसानं खर्चावा. 1245 मध्ये चौथे इनोसंट यांनी मालमत्तेची मालकी पोपच्या पीठाकडे घेतली आणि बंधूंकडे फक्त वापर ठेवला. पुढे 1322 मध्ये बाविसावे जॉन यांनी ती मालकी नाकारली आणि त्यावरून मोठं वादळ उठलं. तो वाद बाजूला ठेवला, तरी एक सवय पिढ्यान् पिढ्या टिकली. आपण खर्चतो ते आपलं नाही, ही जाणीव. परक्याची ठेव सांभाळावी तसा हिशेब लिहायचा. म्हणून खिळे किती आणले तेही सापडतं.

त्या दिवशी मी सकाळी सातला बसले. रोजकीर्दीच्या वह्यांत डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. महिना संपला की गार्डियनची, म्हणजे मठप्रमुखाची सही. अधूनमधून संघाच्या प्रांतिक कार्यालयाकडून पाहणीला आलेल्याचा 'पाहिलं' असा शेरा. मी प्रत्येक वहीचा सारांश टिपत होते. तिसऱ्या वहीत लक्षात आलं की दर वर्षी पावसाच्या आधी एक ओळ येतेच: भोजनगृहालगतची मोरी उपसली, दोन माणसं, एक दिवस. अक्षर बदलायचं, शाई बदलायची, ओळ तीच. मागे जाऊन मोजलं. सलग 41 वर्षं.

मोरी, म्हणजे पाणी वाहून नेणारी नाली? आराखड्यात तर मोरी कुठेच नव्हती.

बेचाळिसाव्या वर्षी ती ओळ गेली. मी तशीच वही घेऊन खाली पळाले आणि इंजिनिअरना दाखवली. त्यांनी शांतपणे पानं उलटली आणि म्हणाले, "मॅडम, वहीच बदललीय की. हे पाहा." खरंच होतं. त्या वर्षापासून छापील रकान्यांची वही आली होती: अन्न, मेणबत्त्या, वेतन, दुरुस्ती. मोरीचा खर्च 'दुरुस्ती'त बुडाला असणार. काम थांबलं असं त्यावरून म्हणताच येत नव्हतं. त्यांचं बरोबर होतं. मी वाचलं होतं ओळ नाहीशी झाल्याचं, आणि मनात मात्र काम बंद पडल्याचं धरून बसले होते. इतक्या वर्षांच्या कामानंतर ही चूक माझ्याकडून व्हायला नको होती.

पण वहीच्या मागे पावत्या असतातच. चर्चच्या 1983 च्या कायदासंहितेतलं कलम 1284 सांगतं की जमाखर्चाच्या वह्या नीट ठेवाव्यात आणि मालमत्तेच्या हक्काचा आधार असलेली कागदपत्रं जपावीत. या मठात मात्र साध्या मजुरीच्या चिठ्ठ्याही कोणी फेकल्या नव्हत्या. अकराव्या खोक्यात त्या तारेत ओवलेल्या सापडल्या. तार गंजलेली, कागदांच्या मधोमध तांबूस भोकं पडलेली. ओढून काढल्या असत्या तर फाटल्या असत्या. तारच दर बोटभर अंतरावर कापली आणि एकेक चिठ्ठी अलगद सोडवली. तीन तास गेले.

छापील वही आल्यावरही चार वर्षं मोरीच्या चिठ्ठ्या आहेत. पाचव्या वर्षी नाही. त्याऐवजी सिमेंटची पोती, वाळू आणि चौकात फरशी घातल्याची मजुरी. त्यानंतर दर तीन-चार वर्षांनी त्याच भिंतीच्या गिलाव्याची चिठ्ठी, पहिली चुन्याची, पुढच्या सगळ्या सिमेंटच्या. म्हणजे ओल मागे कोंडत गेली आणि प्रत्येक दुरुस्तीनं ती आणखी वर चढवली. चुन्याचा गिलावा ओल बाहेर सोडतो, सिमेंटचा ती अडवतो. चौथ्या वर्षीच्या, म्हणजे शेवटच्या चिठ्ठीच्या पाठीमागे पेन्सिलीत कोणीतरी लिहिलं होतं: 'झाकणाचा दगड विहिरीपासून भिंतीकडे सात पावलं.'

मी ती ओळ तीनदा वाचली. पुढच्या माणसाला सापडावं म्हणून कुणीतरी लिहून ठेवलेली ती खूण होती, आणि पुढच्या माणसानं चिठ्ठी उलटून पाहिलीच नव्हती. माझे डोळे भरून आले.

दुपारी चौकात विहिरीपासून सात पावलं मोजली. पावलं कोणाची, हा प्रश्न होताच, म्हणून तिघांनी मोजली आणि मधली जागा धरली. दुसरी फरशी उचलल्यावर खाली चौकोनी दगड लागला, लोखंडी कडीसकट. तो हलवल्यावर जो वास आला तो कुजलेल्या पानांचा. दगडी बांधणीची झाकलेली मोरी, वरपर्यंत गाळानं भरलेली. छपराचं आणि चौकाचं सगळं पाणी इतकी वर्षं भिंतीच्या पायाशी साचत होतं.

रसायनाचं काम तिथल्या तिथे थांबवलं. पैशाचा प्रश्न लगेच आलाच. वेदीच्या नूतनीकरणासाठी एका कुटुंबानं दिलेली रक्कम पडून होती, त्यातून मोरी उपसावी असं कोणी सुचवलं. गार्डियन फादर म्हणाले, "नाही. ज्यासाठी दिली त्याच कामाला ती लागणार. हवं तर आपण त्यांना भेटू, विचारू." कलम 1267 चा अर्थ हाच, पण त्यांनी कलमाचं नावही घेतलं नाही. मोरीसाठी त्यांनी मठाच्या रोजच्या खर्चातून रक्कम काढली.

संध्याकाळी ते वर आले आणि म्हणाले, "दुरुस्तीच्या रकान्यात नका घालायला सांगू. वेगळी ओळ लिहायची आहे मला." मी जागा दाखवली. त्यांनी त्यांच्या अक्षरात लिहिलं, माणसं किती ते विचारून घेतलं आणि दगडाची जागा विहिरीपासून मीटरमध्ये मोजून समासात टिपली.

पेन्सिलीच्या चिठ्ठीला मी आम्लरहित कागदाची वेगळी घडी केली. भिंत दोन फूट जाड आहे, ती सुकायला सावकाश वेळ लागेल. पुढचा पाऊस पाहून झाल्याशिवाय गिलाव्याला हात लावायचा नाही, असं ठरलं. माझ्याकडे अजून अकरा खोकी आहेत.