सेंट अँड्र्यूजची वारी

एडिंबरात राहायला आल्यापासून आषाढ लागला की पाय शिवशिवतात. यंदाही आळंदी गाठणं जमणार नव्हतं, म्हणून आम्ही नवराबायकोने इथलीच वारी धरली. फाइफ परगण्यातली ही जुनी यात्रेची वाट ६४ मैलांची. २०१९ साली ती पुन्हा आखून लोकांसाठी खुली केली. मध्ययुगात इथून माणसं सेंट अँड्र्यूज या समुद्रकाठच्या गावी जात, कारण येशूच्या शिष्याच्या, अँड्र्यूच्या, अस्थी तिथे आहेत अशी श्रद्धा होती. अकराव्या शतकात राणी मार्गारेटने यात्रेकरूंना फोर्थची खाडी ओलांडायला फुकट होडी ठेवली होती. चालणाऱ्याची सेवा करावी हे तिथेही कुणाला तरी सुचलं होतं, याचं मला फार बरं वाटलं.

वाटेत ना दिंडी, ना पखवाज. मी हरिपाठ म्हणायचो, बायको मागून धरायची. सेरेस गाव सोडलं आणि दोन्ही बाजूंना शेतं लागली. सेंट अँड्र्यूजजवळची वाट लेड ब्रेजची. मठाच्या पाणचक्कीला पाणी नेणाऱ्या जुन्या पाटाच्या कडेने ती जाते. झाडांची गार सावली आणि खाली खळखळणारा ओढा.

मग वेस्ट पोर्टची कमान आणि साउथ स्ट्रीट. नॉर्थ स्ट्रीट आणि हा रस्ता, दोन्ही कॅथीड्रलकडेच, म्हणजे त्या अस्थींच्या मोठ्या चर्चकडेच, येऊन मिळतात. आपण नुसतं चालायचं, रस्ता देवळाशी नेऊन सोडतो.

आणि देऊळ नाही. स्कॉटलंडमधलं सर्वांत मोठं चर्च होतं हे; ११५८ च्या सुमारास सुरू झालं, १३१८ साली राजा रॉबर्ट ब्रूसच्या देखत त्याचं अर्पण झालं. १५५९ मध्ये धर्मसुधारक जॉन नॉक्सच्या प्रवचनांनंतर जमावाने आतल्या मूर्ती, वेद्या फोडल्या. अस्थींचाही मागमूस राहिला नाही. पुढे लोकांनी दगड घरांसाठी नेले. पूर्वेची भिंत, पश्चिमेच्या दाराचा तुकडा, बाकी बहुतेक हिरवळ. वेदी होती तिथे मी चपला काढल्या. गवत ओलं होतं.

बायको म्हणाली, “अहो, दर्शन कशाचं घ्यायचं?”

मी सेंट रूलच्या मनोऱ्याकडे बोट केलं. कॅथीड्रलच्याही आधीचा, ३३ मीटर उंच, अजून ताठ उभा आहे. पंढरपुरात रांगेत उभं राहणं जमलं नाही की लाखो वारकरी कळसाला हात जोडून माघारी फिरतात, आणि त्यांची वारी पोचलेली असते. माझी आजी कितीतरी वेळा तशीच परतली; तिच्या तोंडी कधी तक्रार ऐकली नाही. आम्ही दोघांनी तिथेच डोकं टेकवलं.

पुढच्या आषाढात पुन्हा निघणार आहोत. टाळ घरी आहेत. इकडच्या कुणा माउलीकडे वीणा असेल तर घेऊन या, पुढे तुम्हीच चाला.