चीनचा पहिला प्रवास: निघण्यापूर्वी घरी करायची कामे

दिवाळीच्या सुटीत आम्ही शांघाय, शीआन, लोयांग, शिजियाझुआंग आणि बीजिंग अशा क्रमाने चीन पाहून आलो. निघण्यापूर्वी भेटणारा प्रत्येक जण भाषेची काळजी बोलून दाखवत होता. प्रत्यक्षात भाषेने आमचे काही अडले नाही. तेथे सगळा व्यवहार दोन गोष्टींवर चालतो, एक फोन आणि दुसरा पासपोर्ट. या दोहोंची व्यवस्था घरी बसून नीट लावली, तर चिनी भाषेचा एकही शब्द न येणारा माणूस तेथे निर्धास्त फिरू शकतो. ती लावली नाही, तर इंग्रजी उत्तम बोलणाऱ्यालाही साधा चहा विकत घेणे जड जाईल. म्हणून पुढील मजकुरात प्रेक्षणीय स्थळांपेक्षा पूर्वतयारीला अधिक जागा दिली आहे.

प्रथम काळाविषयी. आपल्याकडे परदेश प्रवास म्हटला की मे महिन्याची सुटी डोळ्यांसमोर येते. परंतु चीनमध्ये १ मेपासूनचे काही दिवस राष्ट्रीय सुटीचे असतात, आणि १ ऑक्टोबरपासूनचा आठवडा व चांद्र नववर्षाचे दिवस यांत तर सारा देश रेल्वेत बसलेला असतो. या तीन काळांत तिकिटे, हॉटेले आणि प्रसिद्ध स्थळांचे प्रवेश मिळवणे फार कठीण असते. दिवाळी बहुधा ऑक्टोबरच्या सुटीची गर्दी ओसरल्यावर येते, म्हणून मराठी कुटुंबांना ती सोयीची. मात्र उत्तरेत तोवर थंडी पडू लागते आणि बीजिंगमधील सार्वजनिक उष्णताव्यवस्था १५ नोव्हेंबरला सुरू होते. त्याआधी जाणाऱ्यांना जुन्या इमारतीतील मुक्कामात रात्री चांगलेच गारठायला होते, तेव्हा अंगात घालायचे गरम कपडे बरोबर असू द्यावेत.

व्हिसाविषयी एक गैरसमज आधीच दूर करतो. परदेशी प्रवाशांच्या चित्रफितींत चीनमध्ये २४० तास व्हिसाशिवाय थांबता येते, असे वारंवार सांगितले जाते. ती सवलत ठरावीक देशांच्या नागरिकांना आहे आणि त्या यादीत भारत नाही. भारतीय पासपोर्टधारकाने रीतसर व्हिसा काढूनच निघावे. अर्ज ऑनलाइन भरावा लागतो, त्यात पूर्वीचे प्रवास, नोकरी आणि कुटुंब यांविषयी बरीच माहिती विचारली जाते. त्यामुळे तो एका बैठकीत उरकण्याच्या फंदात पडू नये. २०२० मध्ये थांबलेली भारत-चीन थेट विमानसेवा ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली आहे, तरी मुंबई-पुण्याच्या प्रवाशाने दिल्ली, कोलकाता किंवा आग्नेय आशियातील एखाद्या शहरामार्गे जाणाऱ्या विमानांची तुलना करूनच ठरवावे. चीनमध्ये उतरताना भरायचे आगमन-पत्र नोव्हेंबर २०२५ पासून आधीच ऑनलाइन भरता येते. ते भरून ठेवले, तर विमानतळावर पेन शोधत उभे राहावे लागत नाही.

आता फोन. गूगल, व्हॉट्सअ‍ॅप, यूट्यूब, फेसबुक, इन्स्टाग्राम यांपैकी काहीही चीनमधील स्थानिक इंटरनेटवर उघडत नाही. हॉटेलचे वायफाय कितीही वेगवान असले तरी नाही. परंतु भारतीय सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग घेतले, तर डेटा आपल्या कंपनीच्या जाळ्यातून फिरून येत असल्याने ही सर्व अ‍ॅप चालतात. चीनबाहेरच्या कंपनीच्या ई-सिमचेही तसेच. तेथे जाऊन स्थानिक सिम घ्यावे, हा सल्ला पहिल्या प्रवासासाठी मला पटत नाही, कारण ते स्वस्त पडले तरी घरी फोन लावण्याचा रोजचा मार्ग बंद होतो. आमच्याकडे ई-सिम होते आणि त्याबरोबरच भारतीय सिमवरचे रोमिंगही चालू ठेवले होते. कारण साधे आहे: कार्डाने पैसे भरताना बँकेचा ओटीपी भारतीय क्रमांकावरच येतो.

पैशांची गोष्ट जरा सविस्तर सांगावी लागेल. शांघायमध्ये पहिल्या सकाळी हॉटेलच्या गल्लीत एक बाई तव्यावर कांद्याच्या पातीच्या पोळ्या भाजत होत्या. गाडीला दोन क्यूआर कोड लटकवलेले, एक निळा आणि एक हिरवा. गिऱ्हाईक यायचे, फोन दाखवायचे, पुडा घेऊन निघून जायचे, आणि गाडीखालच्या पेटीतून रक्कम मोठ्याने ऐकू यायची. यूपीआयची सवय असलेल्या आपल्या माणसाला यात नवल ते काय वाटणार? फरक इतकाच, की आपले यूपीआय तेथे चालत नाही. निळा कोड अलीपेचा आणि हिरवा वीचॅटचा. वीचॅट हे जून २०२० मध्ये भारताने बंदी घातलेल्या ५९ अ‍ॅपपैकी एक आहे. सप्टेंबर २०२० मधील ११८ अ‍ॅपच्या बंदी-यादीत अलीपेचेही नाव होते, तरी आमची भिस्त अलीपेवरच होती. हे अ‍ॅप निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधी फोनवर घ्यावे, पासपोर्टचे छायाचित्र देऊन ओळख पडताळून घ्यावी आणि ‘व्हिसा’ किंवा ‘मास्टरकार्ड’ या कंपन्यांपैकी एकीचे बँक कार्ड त्याला जोडावे. भारतीय कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात. बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन ते सुरू करावे आणि मर्यादाही पाहून घ्यावी. शक्य असल्यास दोन वेगवेगळ्या बँकांची कार्डे जोडावीत. आमच्या गटातील एकाचे कार्ड त्याच्या बँकेने संशयास्पद व्यवहार म्हणून पहिल्याच दिवशी गोठवले आणि त्यानंतरचे त्याचे सर्व खर्च दुसऱ्या कार्डावर निभावले. २०० युआनपेक्षा मोठ्या व्यवहारावर अलीपे परदेशी कार्डधारकाकडून ३ टक्के शुल्क घेते, त्याखालील रकमेवर घेत नाही. एक युआन सुमारे १२-१३ रुपयांचा, म्हणजे रोजचे खाणेपिणे आणि मेट्रो या मर्यादेत आरामात बसते. मेट्रोचा प्रवेशकोड आणि टॅक्सी बोलावण्याची दीदी ही सेवा, दोन्ही अलीपेच्या आतच मिळतात. दीदीत पत्ता इंग्रजीत टाकता येतो आणि चालकाचा चिनी संदेश अनुवादित होऊन दिसतो. रोख पैसे घेण्यास दुकानदार बांधील आहेत, पण सुटे परत मिळण्याची मारामार असते. म्हणून थोडे युआन, तेही लहान नोटांत, फोन बंद पडल्यास उपयोगी यावेत एवढ्यापुरते जवळ असावेत.

नकाशासाठी गूगलवर विसंबू नये. ते उघडले तरी उपयोगाचे नाही, कारण चीनमध्ये नकाशावर जागा दाखवण्यासाठी कायद्याने वेगळी निर्देशांक पद्धत वापरली जाते आणि गूगलवर आपले स्थान काहीशे मीटर सरकलेले दिसू शकते; रस्त्याच्या अलीकडचे मंदिर पलीकडे जाते. आयफोन असेल तर त्यातील मूळ नकाशा चांगला चालतो. इतरांनी अमॅप (Amap) हे नकाशाचे चिनी अ‍ॅप घ्यावे, त्यात इंग्रजी आहे. हॉटेलचे नाव आणि पत्ता चिनी लिपीत फोनमध्ये छायाचित्र म्हणून जपून ठेवावा. अनुवादाच्या अ‍ॅपमध्ये चिनी भाषा आधीच उतरवून घ्यावी, म्हणजे इंटरनेट नसतानाही ती चालते.

पासपोर्ट तेथे खिशातच ठेवावा लागतो, हॉटेलच्या तिजोरीत ठेवून चालत नाही. रेल्वेचे तिकीट कागदाचे नसते. ते पासपोर्टच्या क्रमांकावर नोंदलेले असते आणि फलाटाच्या फाटकावर पासपोर्टच दाखवायचा असतो. चिनी नागरिक ओळखपत्र टेकवून स्वयंचलित फाटकातून जातात. आपण बाजूच्या कर्मचाऱ्याच्या रांगेत उभे राहणे उत्तम. महाराष्ट्रातील प्रवाशांना येथे एक खास सूचना. आपल्या पासपोर्टवर पहिल्या नावाच्या रकान्यात बहुधा वडिलांचे किंवा पतीचे नावही असते. तिकीट काढताना ते गाळू नये. पासपोर्टवर जसे आहे तसे, त्याच क्रमाने, पूर्ण नाव लिहावे. तिकिटे रेल्वेच्या १२३०६ या अधिकृत अ‍ॅपवर साधारण १५ दिवस आधी खुली होतात. पासपोर्टची पडताळणी होण्यास वेळ लागू शकतो, म्हणून खाते त्याआधीच उघडून ठेवावे. स्थानकाचे नावही नीट वाचावे. बीजिंगमध्ये दक्षिण, पश्चिम, उत्तर अशी निरनिराळी मोठी स्थानके आहेत आणि एकातून दुसऱ्यात जाण्यास तासभर सहज लागतो. प्रत्येक स्थानकावर, अगदी मेट्रोतही, सामानाची यंत्रातून तपासणी होते. फळे कापायची सुरी घरीच ठेवावी. गाडी सुटण्याच्या काही मिनिटे आधी फाटक बंद होते आणि मग विनवण्या करून उपयोग नसतो. गाड्यांविषयी मात्र तक्रारीला जागा नाही. बीजिंग-शांघाय हे १,३१८ किलोमीटर अंतर सर्वांत जलद गाडी साडेचार तासांच्या आत तोडते, आणि आम्ही शांघायहून शीआनला सुमारे सहा तासांत पोहोचलो, तेही पेल्यातला चहा न सांडता.

बीजिंगच्या राजप्रासादाचे प्रवेशही पासपोर्टवरच मिळतात. ते सात दिवस आधी, रात्री ८ वाजता खुले होतात आणि गर्दीच्या काळात लगेच संपतात. सोमवारी प्रासाद सहसा बंद असतो. एप्रिल ते ऑक्टोबर ६० युआन आणि एरवी ४० युआन असे शुल्क आहे. प्रवेश दक्षिणेच्या दरवाजाने आणि बाहेर पडणे उत्तरेच्या बाजूने, म्हणून टॅक्सी कोठे बोलवायची हे आधी ठरवावे. तिआनआनमेन चौकात जाण्यासाठीही वेगळी पूर्वनोंदणी लागते, ही गोष्ट अनेकांना तेथे पोहोचल्यावर कळते. चीनची प्रसिद्ध भिंत पाहण्यासाठी आम्ही तिचा मुतिआन्यू हा भाग निवडला. बादालिंग या दुसऱ्या भागाला थेट रेल्वे जाते, पण गर्दीही तिकडेच लोटते.

शाकाहाऱ्यांनी मात्र जेवणाची तयारी मन लावून करावी. भाजी मागवली तरी ती डुकराच्या चरबीत परतलेली असू शकते, सूप कोंबडीच्या हाडांचे असते आणि टोफूच्या प्रसिद्ध झणझणीत पदार्थावर खिमा भुरभुरलेला असतो. ‘मांस खात नाही’ एवढेच सांगितले तर या गोष्टी त्यात मोडतात, असे स्वयंपाक्याला वाटत नाही. आम्ही एका कार्डावर चिनी लिपीत स्पष्ट छापून नेले होते: मांस नको, मासे व कोळंबी नको, प्राण्यांची चरबी नको, हाडांचे पाणी नको, ऑयस्टर सॉस नको, अंडे चालेल. शीआनमधील एका लहान खानावळीत मालकीणबाईंनी ते कार्ड आत नेले, आचाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवले, आणि त्याने आमच्यासमोर कढई घासून, बाटलीतले नवे तेल दाखवून मगच आच वाढवली. त्या दिवशी आलेला बटाट्याच्या बारीक कापांचा आंबट-तिखट पदार्थ, वांगे-बटाटा-सिमला मिरचीची परतलेली भाजी आणि टोमॅटो-अंडे हे तिन्ही पदार्थ उत्तर चीनमध्ये बहुतेक ठिकाणी मिळतात. त्यांची चिनी नावे फोनमध्ये लिहून ठेवावीत. शीआनच्या मुस्लिम वस्तीत डुकराचे मांस नसते, तेवढी एक चिंता कमी. मोठ्या बौद्ध मंदिरांजवळ शुद्ध शाकाहारी भोजनगृहे सापडतात आणि तेथे परंपरेने कांदा-लसूणही वर्ज्य असतो. गंमत म्हणजे त्या वर्ज्य पाच पदार्थांच्या जुन्या यादीत आपला हिंगही आहे.

घरून काय न्यावे? रेल्वेच्या डब्यात, स्थानकांवर आणि विमानतळांवर उकळते पाणी फुकट मिळते, त्यामुळे तयार पोहे-उपम्याची पाकिटे, एक झाकणाचा डबा आणि चमचा एवढ्यावर न्याहारी होते. चिवडा आणि शेंगदाण्याची चटणी न्यावी. दूध-लोण्याचे पदार्थ, ताजी फळे, भाज्या आणि बियाणे नेण्यास सीमाशुल्क विभागाची मनाई आहे, तेव्हा पेढे घरीच वाटून टाकावेत. सार्वजनिक स्वच्छतागृहांत कागद असेलच असे नाही. तो रोज पिशवीत हवा.

दोन ठिकाणे मराठी प्रवाशाने वाट वाकडी करून पाहावीत. लोयांगच्या श्वेताश्व मंदिराचा उगम पहिल्या शतकात भारतातून आलेल्या भिक्षूंशी जोडलेला आहे. त्याच्या आवारात सांचीच्या स्तूपाच्या धर्तीवर उभारलेल्या भारतीय शैलीच्या मंदिराचे उद्घाटन २०१० मध्ये तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांनी केले. दुसरे ठिकाण शिजियाझुआंग. तेथील हुतात्मा स्मशानभूमीत सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांची समाधी आहे. १९३८ मध्ये भारताने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून ते आणि नागपूरचे डॉ. चोळकर गेले होते. कोटणीस तेथेच राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी वारले. हे शहर सहसा पर्यटनाच्या यादीत नसते. पण बीजिंग पश्चिम स्थानकातून जलद गाडीने ते सव्वा ते दीड तासावर आहे, आणि सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येते. समाधीजवळ फुले वाहणाऱ्या शाळकरी मुलांच्या शिक्षिकेने आम्ही कोठले ते विचारले. फोनवर सोलापूर दाखवल्यावर तिने मुलांना आमच्याकडे वळवून बराच वेळ काही समजावून सांगितले.

राहता राहिल्या काही बारीक गोष्टी. परदेशी पाहुण्याची पोलिसांकडे २४ तासांत नोंद व्हावी लागते. हॉटेल ती पासपोर्ट पाहून स्वतः करते, पण नातेवाइकांच्या किंवा मित्राच्या घरी उतरणाऱ्याने यजमानासह स्थानिक पोलीस ठाण्यात जाऊन ती करावी. लहान हॉटेलांना परदेशी पाहुण्यांची सवय नसते, म्हणून आरक्षणापूर्वी तसे विचारून घ्यावे. नेहमीची औषधे मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत. पॉवर बँक तर लागणारच, कारण फोन मेला की पैसे, तिकीट आणि नकाशा एकदमच जातात. २८ जून २०२५ पासून चीनमधील देशांतर्गत विमानांत ‘३सी’ हे चिनी प्रमाणचिन्ह नसलेली पॉवर बँक नेता येत नाही. भारतातून नेलेल्या उपकरणावर ते चिन्ह बहुधा नसते. देशांतर्गत विमान घेणार असाल, तर शहरात पोहोचल्यावर तेथलीच एक विकत घ्यावी. परतीच्या दिवशी विमानतळाचे नाव तिकिटावर पुन्हा एकदा वाचावे: शांघाय आणि बीजिंग या दोन्ही शहरांत प्रत्येकी दोन मोठे विमानतळ आहेत आणि ते शहराच्या वेगवेगळ्या टोकांना आहेत.